‘इराण्यांना लोकशाही नकोच’ म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

हा मजकूर महिनाभर फिरतोय. मी दुर्लक्ष करत होते. पण परवा तो आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी टाकला आणि खाली लिहिलं, ‘विचार करण्यासारखं आहे.’ मामांनी जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. म्हणून हे लिहावं लागतंय.

मजकुरात चार गोष्टी आहेत. इराणी जनतेने १९७९ साली ९८ टक्के मतांनी धर्मराज्य आपणहून निवडलं. रस्त्यावर उतरतात त्या तेहरानमधल्या श्रीमंत घरच्या मुली, केस मोकळे सोडायची हौस असलेल्या. त्यांच्यामागे अमेरिका आहे. आणि लोकशाही त्या मातीत रुजतच नाही.

आधी मुलींचं, कारण संताप त्याचाच आला. महसा अमिनी बावीस वर्षांची होती आणि ती तेहरानची नव्हे, कुर्दिस्तान प्रांतातल्या सक्केझची. तेहरानला आली असताना हिजाब नीट नाही म्हणून पोलिसांनी तिला धरलं आणि १६ सप्टेंबर २०२२ ला ती हॉस्पिटलात मरण पावली. दफन सक्केझलाच झालं, आणि तिथेच बायकांनी डोक्यावरचे रुमाल काढून हातात घेतले. दोन आठवड्यांनी सिस्तान-बलुचिस्तान प्रांताची राजधानी झाहेदान पेटलं. हा इराणमधल्या सगळ्यात गरीब प्रांतांपैकी एक, आणि तिथले बलुच बहुतेक सुन्नी. त्याच प्रांतातल्या, आपण ज्याला बंदरामुळे ओळखतो त्या चाबहारमध्ये पंधरा वर्षांच्या मुलीवर पोलिस अधिकाऱ्याने बलात्कार केल्याचा आरोप होता. त्याविरुद्ध ३० सप्टेंबरला झाहेदानमध्ये जुम्म्याच्या नमाजानंतर लोक पोलिस ठाण्यासमोर जमले आणि गोळीबार झाला. अ‍ॅम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेने त्या एका दिवसाचे किमान ६६ मृत मोजले. हे नमाजी श्रीमंत घरच्या मुली होत्या का? पुढे कितीतरी महिने तिथे शुक्रवारी नमाज संपला की मोर्चा निघायचा. ऑक्टोबरात असलुयेच्या पेट्रोकेमिकल प्रकल्पांवरचे कंत्राटी कामगार संपावर गेले, तेही केस मोकळे सोडायला नाही. मेलेल्या पोरींबद्दल ‘हौस’ हा शब्द लिहिताना हात कसा थरथरला नाही?

आता ते ९८ टक्के. आकडा सरकारी आहे, मान्य. पण प्रश्न काय विचारला होता? मार्च १९७९ च्या अखेरीस लोकांपुढे एवढंच ठेवलं : इस्लामी प्रजासत्ताक, हो की नाही? मतपत्रिकेत ‘हो’ हिरवा, ‘नाही’ लाल. दुसरा पर्यायच नव्हता. राज्यघटना तयारच नव्हती. ती मतदानाला आली डिसेंबरात. शाह, म्हणजे इराणचा राजा, देश सोडून जाऊन अडीच महिनेही झाले नव्हते, अशा वेळी लाल तुकडा टाकणं म्हणजे जणू त्याला परत बोलावणं. आणि त्याच महिन्यात, ८ मार्चला, हिजाबच्या सक्तीविरुद्ध हजारो बायका तेहरानच्या रस्त्यांवर होत्या. शिवाय आजच्या निम्म्याहून अधिक इराण्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. त्यांनी काय निवडलं?

त्यांचं म्हणणं कळायला परदेशातले ऑनलाइन सर्व्हे मी घेत नाही. मामा लगेच म्हणतील, ते पाश्चात्त्यांचेच. इराणच्या संस्कृती मंत्रालयाने २०२३ मध्ये करून घेतलेली पाहणी घ्या. ती लोकांना दाखवायची नव्हती, पण २०२४ च्या सुरुवातीला फुटली आणि बीबीसीच्या फारसी सेवेने छापली. धर्म आणि राज्यकारभार वेगळे असावेत, असं सुमारे ७३ टक्के लोकांनी सांगितलं. २०१५ च्या पाहणीत हे प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास होतं. विचारणारं सरकार, आणि उत्तर हे!

मतपेटीही तेच सांगते. १९९७ मध्ये सुधारणांची भाषा बोलणारे खातमी उभे राहिले तेव्हा जवळपास ८० टक्के मतदान झालं आणि सुमारे ७० टक्के मतं त्यांना पडली. २०२१ ला अध्यक्षपदासाठी ५९२ जणांनी अर्ज भरले, कोण उभं राहू शकतं ते ठरवणाऱ्या पालक परिषदेने सात ठेवले. २०२४ च्या पहिल्या फेरीत मतदान ४० टक्क्यांवर आलं. लोकांना मत द्यायचं नाही असं नव्हे, ज्याला द्यावं तोच यादीत नसतो.

सगळे एका मताचे आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. २०२४ च्या दुसऱ्या फेरीत कट्टरपंथी जलिलींनाही सव्वा कोटीहून जास्त मतं मिळाली. विरोधकांतही कुणाला प्रजासत्ताक हवं, कुणाला शाहचा मुलगा. पण हे मतभेद मोकळेपणी मांडून मोजायचे कसे, हाच तर तिथला झगडा आहे.

अमेरिकेच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने कबूल करते. परकीयांनी इराणात ढवळाढवळ केली, वारंवार केली. पण १९५३ मध्ये सीआयए आणि ब्रिटिश हेरखात्याने कुणाला पाडलं? मोसद्देकांना, संसदेच्या पाठिंब्यावर पंतप्रधान झालेल्या माणसाला. म्हणजे परक्यांचा हात लोकशाही मोडायला लागला होता. तो इतिहास दाखवून मोर्चातल्या प्रत्येक पोरीला हस्तक ठरवता येत नाही.

राहिली माती. तेहरानमध्ये १९०६ साली लोकांच्या चळवळीने शाहकडून संसद मिळवली, मजलिस भरली. आपल्याकडे मोर्ले-मिंटो सुधारणा यायला अजून तीन वर्षं होती. १९०८ मध्ये पुढच्या शाहने त्या संसदेवर तोफा डागल्या, तेव्हा तब्रीझच्या लोकांनी महिनोन्महिने वेढा सोसला, पण राज्यघटना सोडली नाही.

मामा, तुम्ही तो मजकूर शाळेच्या जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवरही टाकलाय, मामींनी सांगितलं. तिथे हेही टाका.