पाच खंड, एक सजा

नोकरी सांभाळून कादंबरी लिहायची असेल तर आधी ती एकच लिहायचा विचार सोडा. एक कादंबरी लिहिणाऱ्याला लोक विचारतात, "झाली का?" याला दोनच उत्तरं आहेत, आणि त्यातलं एक देताना मान खाली जाते. पाच खंडांची मालिका लिहिणाऱ्याला मात्र "सध्या कितवा?" असं अदबीनं विचारतात. "दुसरा" हे उत्तर निवृत्तीपर्यंत पुरतं.

तुम्ही तलाठी आहात, गावाच्या तोंडी पटवारी, यवतमाळकडच्या एखाद्या कापूस-सोयाबीनच्या सजेवर, म्हणजे तुमच्याकडे सोपवलेल्या गावांवर. फारच छान. विषय शोधायला कुठं जायला नको, शेतकऱ्याचं दुःख टेबलासमोर रांगेत उभं असतं. खंडांची नावं आजच ठरवून टाका: पेरणी, डवरणी, फवारणी, वेचणी, चुकारा. शेवटचा रखडला तरी कुणी बोल लावणार नाही. चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, वेळेवर हाती पडायची सवय इकडे कुणालाच नाही.

आता वेळेचं बघू. अँथनी ट्रॉलप हा इंग्रजांच्या टपाल खात्यातला अधिकारी. खात्याची नोकरी करता करता त्यानं 1855 ते 1867 या काळात एकाच काल्पनिक परगण्यावर सहा कादंबऱ्या छापून काढल्या. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना स्वतःकडून 250 शब्द वसूल करायचा. वसुली तुम्हाला नवी नाही. मार्चअखेरीला दुसरं काय करता? तो आगगाडीतही लिहायचा, त्यासाठी मांडीवर ठेवायचं खास पॅड करून घेतलं होतं. हा प्रयोग तुम्ही तालुक्याच्या एसटीत जरूर करा. शेजारचा माणूस तुमच्या नायिकेच्या डोळ्यांचं वर्णन शेवटपर्यंत वाचेल आणि विचारेल, "साहेब, हे कोनाच्या वावराचं व्हय?"

पण ट्रॉलपची खरी युक्ती घड्याळात नव्हतीच. त्याला पहाटे उठवून कॉफी आणून देणारा एक म्हातारा नोकर होता. त्या कामाचे तो त्याला वर्षाला पाच पौंड जादा देई. आपल्या यशाबद्दल इतर कुणाहीपेक्षा आपण याचेच जास्त ऋणी असू, असं त्यानं पुढं लिहूनही ठेवलं. तुमच्याकडे हे काम पाच पौंडांपेक्षा स्वस्तात होतं. ती तुमच्याआधी उठते, कारण नळ त्याच वेळी येतो. चहा ठेवते. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की तुमच्या खोलीतल्या कूलरमध्ये बादल्यांनी पाणी ओतते, आणि लेकरू रडलं तर "बाबा लिहून रायले ना" म्हणून त्याला स्वयंपाकघरात घेऊन जाते. तिथं कूलर नाही. पहिल्या खंडाची अर्पणपत्रिका तिला द्या. नाव घालायचं कारण नाही, "सौ.स" एवढं पुरतं. उरलेले चार खंड अनुक्रमे गुरुजी, काळी माती, विद्यमान आमदार आणि माजी आमदार यांना. शेवटच्या दोघांचा क्रम निकाल लागल्यावर ठरवा.

आपल्याला कल्पित लिहिता येईल का, ही शंका मनात आणू नका. मुख्यालयी राहत असल्याचं तुम्ही तालुक्याच्या भाड्याच्या घरात बसून लिहून देताच. ते कल्पित वाङ्मयच आहे, आणि त्यावर मानधनही मिळतं. अतिवृष्टीच्या पंचनाम्यांनी तर हात चांगलाच बसतो. मदतीसाठी नुकसान 33 टक्क्यांच्या वर लागतं. गुडघाभर चिखलात उभं राहून, सडलेल्या सोयाबीनकडे बघून, हे 32 आहे की 34 हे ज्याला ठरवता येतं त्याला कथानकातली कलाटणी काय अवघड? मात्र पंचनाम्यातली भाषा कादंबरीत आणू नका. "सदर पात्र समक्ष हजर राहून रडले" असं एकदा लिहून गेलं की पुढचे चार खंड तसेच जातात.

दिवसा लिहायला मिळणार नाही हे गृहीत धरा. सकाळी तहसीलच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "अत्यंत तातडीचे" येतं, दुपारी त्याचंच "स्मरणपत्र", आणि संध्याकाळी ती माहिती कालच मागवली होती असं समजतं. 2021 पासून ई-पीक पाहणी, म्हणजे वावरात उभ्या पिकाची नोंद, मोबाईलवर आली. पाहणी शेतकऱ्यानं करायची असते, म्हणून तो मोबाईल घेऊन तुमच्याकडे येतो. मध्ये निवडणूक. निवडणूक नसेल तर मतदारयादी. या सगळ्यातून रात्री दहाला घरी येऊन तुम्ही वही उघडाल आणि वीज जाईल, तेव्हा त्या दिवसाच्या रकान्यात "निरंक" लिहून झोपा.

राहिला तो रोज येणारा पोरगा. असा एक प्रत्येक सजेत असतो. बाप वारला, वावर अजून बापाच्याच नावावर, आणि वारसाचा फेरफार झाल्याशिवाय त्याला पीककर्ज मिळत नाही. नोटिशीचे पंधरा दिवस असतात, पण तुमच्या हातून नोटीस निघेपर्यंत लोकांची पेरणी आटोपते, कारण तुमचा पहिला खंड नेमका इथंच अडलेला आहे: नायकाचा बाप वारतो आणि वावर नावावर होत नाही. या पोराला हाकलू नका. खुर्ची द्या, पाणी द्या, बोलतं करा. "माहा बाप मेला हे साऱ्या गावाले ठाव हाय साहेब, सातबाऱ्यालेच कोनी सांगतलं नाई," असं तो सहज बोलून जातो. हे वाक्य तुम्हाला सात जन्मांत सुचलं नसतं. वहीत टिपा आणि त्याला सोमवारी यायला सांगा. सोमवारी तो आणखी चिडलेला असतो, म्हणजे आणखी चांगलं बोलतो. त्याचं काम घाईनं उरकलंत तर तो येणं बंद करेल आणि तुमच्या नायकाच्या तोंडी सदाशिव पेठ येईल.

यावर कुणी तक्रार केलीच तर नियम दाखवा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मध्ये प्रासंगिक स्वरूपाच्या वाङ्मयीन कामाला मुभा आहे, फक्त सरकारी कामाला बाधा यायला नको. पाच खंड प्रासंगिक कसे, असं साहेबांनी विचारलं तर प्रत्येक खंडात प्रसंग आहेत म्हणून सांगा. आणि बाधा आली ती त्या पोराला. त्याचा उल्लेख नियमात नाही.

रजा जपून वापरा. विदर्भ साहित्य संघाच्या शताब्दीनिमित्त 2023 च्या फेब्रुवारीत वर्ध्याला साहित्य संमेलन भरलं, तेव्हा आसपासच्या जिल्ह्यांत किती कर्मचाऱ्यांच्या आज्या वारल्या याची नोंद कुणी ठेवलेली नाही. तुमची आजी अजून शिल्लक असेल तर पुढच्या संमेलनासाठी राखून ठेवा.

पहिल्या खंडाचं प्रकाशन तालुक्याच्या सभागृहात करा आणि तहसीलदारांना अध्यक्ष नेमा, म्हणजे तो दिवस ड्युटीत धरला जातो. साहेब पुस्तक वाचणार नाहीत. त्यांना मागच्या कव्हरवरचा मजकूर आदल्या दिवशी "अत्यंत तातडीचे" म्हणून पाठवा. तो पोरगाही येईल. शेवटच्या रांगेत उभा असेल, कारण पटवारी आज नक्की सापडतील असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. कार्यक्रम संपल्यावर त्याला जवळ बोलवा आणि एक प्रत सही करून द्या. तो ती उलटसुलट करून बघेल आणि विचारेल, "साहेब, याच्यात माह्या वावराचं काई हाय का?"

"हाय ना," म्हणा. "पान 112."

आणि पुस्तकाचे पैसे त्याच्याकडून घेऊ नका. त्याला कर्ज मिळालेलं नाही हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?