‘वर्षाला ३६,००० फुकट’ : त्या मेसेजचा हिशेब

सोसायटीच्या, ऑफिसच्या, शाळेतल्या पालकांच्या, अशा पुण्यातल्या बहुतेक व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. थोडक्यात तो असा : ‘महिन्याचा ६०,००० रुपयांचा घरखर्च यूपीआयने करणारे लोक पैसे सोडून देतात. तोच खर्च ५ टक्के कॅशबॅकच्या क्रेडिट कार्डावर टाका, वर्षाला ३६,००० रुपये फुकट. वार्षिक फी पॉइंट्समधून वसूल होते. घरभाडेही कार्डानेच भरा. मोठी खरेदी नो-कॉस्ट ईएमआयवर करा, एक रुपया जास्त जात नाही. एखाद्या महिन्यात ओढाताण झाली तर मिनिमम ड्यू (बिलातली किमान रक्कम) भरा, काही बिघडत नाही. वर विमानतळावर लाउंज फुकट.’

गुणाकार बरोबर आहे. साठ हजार गुणिले बारा, त्याचे पाच टक्के, ३६,०००. घोळ आहे तो त्या साठ हजारांत.

कोथरूडमध्ये भाड्याने राहणारे एक चौकोनी कुटुंब धरू. भाडे २४,०००. सोसायटीचा मेंटेनन्स ३,०००. मुलांची शाळेची फी महिन्याकाठी ८,०००. महावितरणची वीज, एमएनजीएलचा पाइप गॅस, मोबाइल आणि इंटरनेट मिळून ४,५००. पेट्रोल ४,०००, विम्याचे हप्ते २,५००, किराणा-दूध-भाजी ८,००० आणि ऑनलाइन खरेदी, हॉटेल वगैरे ६,०००. झाले साठ हजार. आता ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के, इतरत्र १ टक्का देणारे आणि ९९९ रुपये वार्षिक फी असलेले कार्ड घ्या. अशा कार्डांच्या जाहिरातीत पाच टक्के ठळक असतात. ‘यावर कॅशबॅक नाही’ ही यादी नियम-अटींच्या पीडीएफमध्ये असते. भाडे, वीज-गॅसची बिले, विमा, इंधन, शाळेची फी, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, सरकारी भरणा, यांतले बहुतेक सगळे त्या यादीत सापडते. मेंटेनन्स ज्या ॲपमधून भरता ते ॲप क्रेडिट कार्डासाठी सहसा वेगळे शुल्क लावते, त्यामुळे तिथे मिळेल त्याहून जास्त जाते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण बहुतेक भांडणे इथेच होतात. तुम्ही काय विकत घेतले हे कार्ड कंपनीला दिसत नाही. तिला दिसतो तो पैसे घेणाऱ्याचा चार आकडी कोड, म्हणजे मर्चंट कॅटेगरी कोड. भाड्याचा ६५१३, पेट्रोल पंपाचा ५५४१, वीज-पाणी-गॅसचा ४९००. वीजबिल मोबाइलवरून भरले म्हणून ती ‘ऑनलाइन खरेदी’ ठरत नाही. कोड ४९०० आला की पाच टक्के संपले. काही बँकांनी तर मे २०२४ पासून उलटी वसुली सुरू केली : आयडीएफसी फर्स्टने महिन्याला २०,००० रुपयांवरच्या आणि येस बँकेने १५,००० रुपयांवरच्या युटिलिटी, म्हणजे वीज-गॅससारख्या, बिलांवर १ टक्का शुल्क लावले.

महापालिकेच्या मिळकतकराचेही तेच. सरकारी भरण्यावर बहुतेक कार्डे काही देत नाहीत. तो वेळेत भरला तर सर्वसाधारण करात ५ किंवा १० टक्के सवलत महापालिका स्वतःच देते. सगळ्या गावाला मिळणारा हा कॅशबॅक कोणी फॉरवर्ड करत नाही.

परत आपल्या कुटुंबाकडे. यादीतले सगळे वगळले की हातात १४,००० उरतात : किराणा-दूध-भाजीचे आठ आणि ऑनलाइन-हॉटेलचे सहा. दूधवाला आणि मंडईतली भाजीवाली कार्ड घेत नाहीत. रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येते हे खरे, पण ते व्यापाऱ्याच्या क्यूआरवरच चालते. भाजीवालीने मुलाच्या खात्याचा क्यूआर लावला असेल तर तिथे नाही चालत. म्हणजे आणखी ५,००० गेले. उरले ९,०००. त्यातल्या ६,००० वर पाच टक्क्यांनी ३०० आणि ३,००० वर एक टक्क्याने ३०. महिन्याला ३३०, वर्षाला ३,९६०. त्यातून फी ९९९ आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१७९ वजा. हाती २,७८१ रुपये.

कोणी म्हणेल, वर्षाला दोन लाखांच्या खर्चावर फी माफ असते. असते. पण आपल्या कुटुंबाचा कॅशबॅक मिळणारा खर्च वर्षाला १,०८,०००च आहे. काही कार्डे माफीसाठी वीजबिल, विमा वगैरेही मोजतात, तेव्हा ती मर्यादा गाठता येईलही. तरी आकडा ३,९६० च्या वर जात नाही. छत्तीस हजारांचा नववा हिस्सा. स्वतःच्या घरात मेंटेनन्सशिवाय मोठा खर्च नसलेला आणि सगळी खरेदी ऑनलाइन करणारा माणूस यापेक्षा बरेच जास्त मिळवेल, हेही खरे. म्हणूनच ‘सर्वांत चांगले कार्ड कोणते?’ या प्रश्नाला ग्रुपवर उत्तर नसते. ते तुमच्या बँकेच्या बारा महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये असते.

‘वार्षिक फी पॉइंट्समधून वसूल होते.’ कोणते पॉइंट्स, आणि कशाच्या बदल्यात? समजा, कॅशबॅकऐवजी पॉइंट देणाऱ्या कार्डावर दर १५० रुपयांच्या खर्चाला ४ पॉइंट मिळतात. बँकेच्या पोर्टलवरून विमानाचे तिकीट काढले तर एक पॉइंट ५० पैशांचा. तोच बिलातून वळता केला तर २० पैशांचा. पहिल्या वाटेने परतावा १.३३ टक्के, दुसऱ्या वाटेने जेमतेम अर्धा टक्का. एकाच कार्डावर, एकाच खर्चावर. शिवाय पॉइंट वापरण्याचे शुल्क अनेक बँका दरवेळी ९९ रुपये अधिक जीएसटी असे घेतात. २,५०० रुपये फीचे कार्ड जीएसटीसह २,९५० ला पडते. ते अर्ध्या टक्क्याच्या वाटेने वसूल करायचे तर साडेपाच लाखांहून जास्त खर्च लागतो. जो वर्षाला दोनदा विमानाने जातो आणि तिकिटे त्याच पोर्टलवर काढतो, त्याला हे कार्ड परवडेल. पोर्टलवरचे भाडे बाहेरपेक्षा जास्त नाही ना, एवढे मात्र त्याने बघावे.

आणि हे दर कायमचे नसतात. एसबीआय कार्डाचे कॅशबॅक कार्ड २०२२ मध्ये आले तेव्हा लोकांच्या उड्या पडल्या. मे २०२३ मध्ये महिन्याच्या कॅशबॅकची कमाल मर्यादा १०,००० वरून ५,००० वर आली, लाउंज गेले आणि वगळलेल्या खर्चांची यादी लांबली. कार्ड तरीही वाईट झाले नाही. पण दोन वर्षांपूर्वीच्या अटींवर बेतलेला मेसेज आजही फिरत असतो.

‘घरभाडेही कार्डाने भरा.’ हा मुद्दा तर शिळा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयसीआयसीआय बँकेने भाड्यावर १ टक्का शुल्क सुरू केले, मग इतर बँकाही तशाच गेल्या. २४,००० च्या भाड्यावर एक टक्का आणि जीएसटी म्हणजे महिन्याला २८३ रुपये, आणि ॲपचे शुल्क वेगळे. लोक मेहुण्याच्या नावाने ‘भाडे’ पाठवून पॉइंट जमवत होते, त्यामुळे बँका वैतागल्या यात नवल नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंट ॲग्रीगेटरचे, म्हणजे ग्राहकाचे पैसे व्यापाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपन्यांचे, नियम कडक केले. ज्याची व्यापारी म्हणून नोंद नाही अशा माणसाला या मार्गाने पैसे पाठवणे बंद झाले आणि मोठ्या ॲपांनी भाड्याची सोयच काढून घेतली. घरमालक काका व्यापारी म्हणून नोंदणी करतील अशी आशा कोणी ठेवू नये.

मेसेजमध्ये नसलेला पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न असा, की हे पैसे देतो कोण? बँक खिशातून देत नाही. कार्ड घासले की दुकानदाराच्या पैशांतून एमडीआर (मर्चंट डिस्काउंट रेट, म्हणजे व्यवहारावरचे शुल्क) कापला जातो. डेबिट कार्डावर रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून त्याला ०.९० टक्क्याची कमाल मर्यादा घातली आहे, खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर आणि रुपे डेबिट कार्डावर तो २०२० पासून शून्य आहे. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही आणि तो साधारण दोन टक्क्यांच्या आसपास जातो. तुमचे पॉइंट त्यातून येतात, आणि जे लोक बिल पूर्ण भरत नाहीत त्यांच्या व्याजातून. म्हणून लक्ष्मी रोडवर एक लाखाचा दागिना घेताना सराफ ‘क्रेडिट कार्ड असेल तर दोन टक्के वर पडतील’ म्हणतो. तुम्ही एक टक्क्याच्या हजार रुपयांसाठी दोन हजार मोजता, आणि दागिन्यांचा खर्च वगळलेल्या यादीत असेल तर तो हजारही नाही. अशा वेळी मुकाट्याने खात्यातून यूपीआय करावे.

‘नो-कॉस्ट ईएमआयवर एक रुपया जास्त जात नाही.’ जातो. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. होते ते असे की व्याजाइतकी सूट किमतीत आधी दिली जाते आणि मग ते व्याज हप्त्यांतून घेतले जाते. साठ हजारांचा लॅपटॉप, सहा हप्ते, १६ टक्के दर : व्याज सुमारे २,७०० रुपये, ते किमतीतल्या सवलतीत वळते झाले. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र तुमचा, सुमारे ४८७ रुपये. प्रोसेसिंग फी १९९ आणि तिचा जीएसटी, २३५. म्हणजे सातशेच्या वर गेले, आणि अनेक कार्डांवर ईएमआयच्या खरेदीला पॉइंट मिळत नाहीत. रोख घेणाऱ्याला दुकानदार जी सूट देतो ती विचारायचीही राहून जाते. सातशे रुपयांत सहा महिन्यांची मुदत मिळते, हा व्यवहार वाईट नाही. पण तो फुकट नाही.

‘मिनिमम ड्यू भरा, काही बिघडत नाही.’ सगळ्या मेसेजमध्ये सर्वांत महाग वाक्य हे. मिनिमम ड्यू भरल्याने लेट फी टळते, व्याज टळत नाही. बिल पूर्ण न भरल्यास व्याज ड्यू डेटपासून नव्हे, खरेदीच्या तारखेपासून लागते. आणि मागचे फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज सकाळी घेतलेल्या बाकरवडीवर आज दुपारपासून व्याज. दर अनेक कार्डांवर महिन्याला ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ४५. चाळीस हजारांवर महिन्याचे १,५००, त्यावर जीएसटी २७०. दोन महिने असे गेले की ३,५४० रुपये, म्हणजे आपल्या कोथरूडच्या कुटुंबाने वर्षभर जमवलेल्या २,७८१ पेक्षा जास्त. कायदा यात फारसा मदतीला येत नाही. ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेऊ नये असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. ज्याला दर महिन्याला पूर्ण बिल भरता येईल याची खात्री नाही, त्याने रिवॉर्ड्सची तुलना करण्यात वेळ घालवू नये.

लाउंजबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. लाउंजच्या दारात उभे राहिल्यावर कळते की मागच्या तिमाहीत ठरावीक रक्कम खर्च केली असेल तरच प्रवेश. एका प्लेट पोह्यांसाठी तिमाहीचे नियोजन ज्याला करायचे त्याने करावे.

मेसेजमधला मूळ सल्ला मात्र मी फेकून देणार नाही. ज्या नऊ हजारांवर कॅशबॅक मिळतो तो खर्च कार्डावर जरूर टाका. बिल खात्यातून आपोआप आणि पूर्ण रकमेचे जाईल अशी सूचना बँकेला द्या. अर्जात ‘मिनिमम’वर खूण नाही ना, ते तपासा. आजीवन मोफत कार्ड मिळत असेल तर पहिले तेच घ्या, फक्त ‘मोफत’ म्हणजे वार्षिक फी नाही एवढेच. परदेशी चलनातल्या खर्चावर त्यातल्या अनेकांना ३.५ टक्के मार्कअप (बँकेचे जादा शुल्क) अधिक जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के लागतातच.

फीचे कार्ड परवडत नाही असे दिसले तर पुढची फी बिलात येण्याआधी बंद करा. त्यासाठी कोणाला गयावया करावी लागत नाही. थकबाकी नसेल तर विनंतीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. विनंती ईमेलने करा, म्हणजे तारीख हातात राहते. आणि त्याआधी उरलेले पॉइंट वापरून घ्या, कारण कार्ड बंद झाले की तेही सहसा रद्द होतात.