होस्टिंग घेताय? मग गुणाकार विसरा

समजा तुमची देवगडला हापूसची कलमं आहेत, वाशीला पेट्या पाठवून दलालाच्या पट्टीची, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची, वाट बघायचा कंटाळा आलाय, आणि पुतण्या म्हणतोय की काका, वेबसाईट काढू, पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाईकाला डायरेक्ट विकू. एकदम बरोबर. आता प्रश्न येणार की होस्टिंग, म्हणजे साईट ठेवायची भाड्याची जागा, केवढं घ्यायचं, डिस्क किती, बँडविड्थ किती, म्हणजे महिन्याभरात साईटवरून बघणाऱ्यांकडे किती डेटा जाणार. इथे काही लोक कागद-पेन घेऊन बसतात. तुम्ही असला आगाऊपणा करू नका.

कारण कागद घेतला की हिशोब पाच मिनिटांत संपतो हो. एका पानाचं वजन, गुणिले माणूस किती पानं बघतो, गुणिले रोज किती माणसं, गुणिले तीस. पान 2 एमबीचं, माणशी 3 पानं, दिवसाला 100 माणसं, झाले महिन्याला 18 जीबी. एवढ्याशा आकड्यासाठी चहासुद्धा कोणी मागवत नाही. त्यापेक्षा सरळ 'अनलिमिटेड' लिहिलेला प्लॅन घ्या आणि तीन वर्षांचे पैसे एकदम भरून टाका. रिन्यूअलचा भाव खाली बारीक अक्षरात असतो, तो आत्ता वाचून मूड कशाला घालवायचा.

अनलिमिटेड म्हणजे आपली अमर्यादित थाळी. भात हवा तेवढा घ्या, पोळ्या घ्या, स्वीट मात्र एकदाच, आणि ते तुम्हाला दुसरी वाटी मागितल्यावर कळतं. होस्टिंगमधल्या स्वीटला आयनोड म्हणतात, म्हणजे किती फाईली ठेवू शकता त्याची मर्यादा. डिस्क अर्धी रिकामी आणि तरी नवीन फाईल चढत नाही, असा चमत्कार बघायचा असेल तर एक करा, info@ आणि sales@ पासून ते पुतण्याच्या मित्रापर्यंत सगळ्यांच्या मेलबॉक्स त्याच होस्टिंगवर उघडा आणि एकही मेल डिलीट करू नका. तिथे साधारण एक मेल म्हणजे एक फाईल असते, स्पॅम धरून.

आता फोटो. यात अजिबात कंजूषपणा नको. मोबाईलमधून निघालेला फोटो साधारण 4 एमबीचा असतो, तो आहे तसाच चढवायचा. काही जण म्हणतात रुंदी 1200 पिक्सेल करा, दीडशे-दोनशे केबीत काम होतं, बघणाऱ्याला फरक कळत नाही. अहो, पण बागायतदाराला कळतो ना! आढीतल्या आंब्यावरचा प्रत्येक ठिपका दिसला पाहिजे. पहिल्या पानावर असे 12 फोटो लावा, पान झालं 48 एमबीचं, आणि तेच 100 लोक रोज आले तर नुसत्या पहिल्या पानाचे महिन्याला 144 जीबी. बघा, 18 चे 144, म्हणजे धंदा आठपट वाढला. एक गिऱ्हाईक जास्तीचं न येता! शिवाय साईट वर्डप्रेस नावाच्या सॉफ्टवेअरवर असेल तर तो प्रत्येक फोटोच्या लहान-मोठ्या बऱ्याच कॉप्या स्वतःच काढून ठेवतो, त्याला विचारावं पण लागत नाही. बागेचा ड्रोन व्हिडिओ पण तिथेच ठेवा. यूट्यूबवर फुकट ठेवता येतो आणि आपली बँडविड्थ जात नाही हे खरंय, पण फुकटच्या गोष्टीला किंमत नसते असं आजोबा म्हणायचे.

बॅकअपचं विसरलोच. बॅकअप रोज घ्यायचा, पूर्ण घ्यायचा, आणि त्याच डिस्कवर ठेवायचा. 1 जीबीची साईट महिनाभरात 31 जीबीची होते, आणि ती डिस्क गेली की साईट आणि तिचे तीसही बॅकअप एकत्रच जातात, मागे कोणी रडायला राहत नाही.

आणि सीझन. हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून याकडे तर बघूच नका. आंबा काय बारा महिने येत नाही, पण तुम्ही वर्षाची सरासरी काढा, जून ते फेब्रुवारी कुत्रं फिरकत नाही ते महिने धरून. सरासरी छान येते. मग अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी कोणीतरी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमची लिंक टाकतो, आणि अख्ख्या कोथरूडला एकाच वेळी आंबा आठवतो. इथे महिन्याच्या जीबीचा काही संबंध नसतो, एका वेळी किती जण आत घेणार हा सवाल असतो, आणि स्वस्त शेअर्ड होस्टिंगला, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साईटी असतात तिथे, ती मर्यादा वीसेकच असू शकते. एकविसाव्याला 508 दिसतं, रिसोर्स लिमिट इज रीच्ड. तो रिफ्रेश करतो. सगळेच रिफ्रेश करतात.

मी हा सगळा सल्ला अनुभवाने देतोय हे सांगायला नको. त्या दिवशी सपोर्टला चॅट केलं तर पलीकडचा अतिशय प्रेमाने म्हणाला, सर प्लॅन अपग्रेड करा. केला. तो लागू होईपर्यंत अक्षय्य तृतीया उलटून गेली आणि उरलेल्या पेट्या गेल्या वाशीला, त्याच दलालाकडे. तो बिचारा काही बोलला नाही, नुसता हसला, आणि पट्टी नेहमीसारखी उशिराच आली.

आता पाऊस सुरू झालाय. साईट काय पळतेय म्हणून सांगू, क्लिक करायच्या आधी उघडते. काल आकडे बघितले तर दिवसभरात दोन व्हिजिटर होते, एक गुगलचा बॉट आणि दुसरा मीच.