मीटरची मर्जी कशी राखावी

घरात विजेचा स्मार्ट मीटर, म्हणजे स्वतःच रीडिंग कळवणारा, बसला का? अभिनंदन. आता काही सवयी बदलाव्या लागतील. घाबरू नका, फार नाहीत. उठणं, झोपणं, आंघोळ, टीव्ही आणि बाहेरगावी जाणं, एवढ्याच.

जुना मीटर अगदीच मंद होता. महिन्यातून एकदा रीडिंग घेणारा यायचा, काचेवरची धूळ बोटाने पुसायचा, आकडा टिपायचा आणि चालू लागायचा. दाराला कुलूप असलं तर सरासरी लावून मोकळा. महिन्याकाठी एक आकडा! तेवढ्यावरून तुम्ही रात्री कितीला झोपता हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. नवा मीटर दर पंधरा मिनिटांनी नोंद करतो, म्हणजे दिवसाला 96 आणि वर्षाला 35,040 नोंदी. काही देशांत अर्ध्या तासाची पद्धत आहे; तिथले ग्राहक निम्मेच महत्त्वाचे. शिवाय व्होल्टेज किती होतं, एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली, झाकण कधी उघडलं, कुणी लोहचुंबक जवळ नेला का, हेही तो लिहून ठेवतो. आजवर तुमच्यात इतका रस कुणी घेतला होता का, आठवून बघा.

तेव्हा पहिला सल्ला असा की घरात जरा शिस्तीत वागा. तुमच्या वीजवापराचा आलेख कुणीतरी बघणार आहे, निदान एखादं सॉफ्टवेअर तरी. रात्री दोन ते चार घरात एकटा फ्रीज जागा असतो. कॉम्प्रेसर सुरू झाला की रेघ शंभर-दीडशे वॉटने वर, बंद झाला की खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. पावणेसहाला एकदम दोन हजार वॉटची उडी, आणि वीस मिनिटांनी तेवढीच खाली: गिझर. साडेसहाला आणखी एक उडी, जरा लांबलेली: दुसरी आंघोळ, आणि या माणसाला वेळेचं भान नाही. नऊनंतर पुन्हा एकट्या फ्रीजची चढउतार, म्हणजे घर रिकामं. इतकं रेखीव चित्र दिसायला नोंदी सेकंदासेकंदाच्या लागतात, हे कबूल. पंधरा मिनिटांच्या नोंदीत उड्यांच्या कडा बोथट होतात. पण घर कधी उठलं, कधी बाहेर पडलं आणि कोणत्या आठवड्यात गावाला गेलं, हे त्या बोथट आलेखातही कळतं. सकाळी नऊनंतर घरी कुणी नसेल तर निदान एखादा पंखा लावून जा. अब्रूचा प्रश्न आहे.

हे कसब नवं आहे असं मात्र समजू नका. एकाच ठिकाणी मोजलेल्या विजेवरून घरातलं कोणतं उपकरण कधी चाललं हे ओळखण्याची पद्धत जॉर्ज हार्ट यांनी 1980च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात विकसित केली. आणि 1989मध्ये त्याच हार्ट यांनी लेख लिहून बजावलं की यातून लोकांवर पाळत ठेवता येईल. संशोधकांचं हे असंच असतं. आधी शोध लावतात आणि मग काळजी करत बसतात. अशांच्या नादी लागू नका. जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या संशोधकांचंही ऐकू नका. दर दोन सेकंदांच्या नोंदी मिळाल्या तर पडद्यावरच्या उजेड-अंधारामुळे होणाऱ्या चढउतारावरून टीव्हीवर कोणता चित्रपट चालू आहे हेसुद्धा ओळखता येतं, असं त्यांनी 2011मध्ये दाखवून दिलं. आपल्या मीटरच्या नोंदी इतक्या बारीक नसतात. तरी मधूनमधून एखादा माहितीपट लावत चला.

खाजगीपणाचा विषय निघालाच तर हसण्यावारी न्या. नेदरलँड्सच्या सिनेटने 2009मध्ये स्मार्ट मीटर सक्तीचे करण्याचा प्रस्ताव याच कारणावरून अडवला आणि शेवटी तिथे नको म्हणण्याची मुभा द्यावी लागली. किती वेळ गेला असेल त्यात! अमेरिकेत नेपरव्हिल शहरातल्या नागरिकांनी पंधरा मिनिटांच्या नोंदींवरून थेट शहरावर खटला भरला. 2018मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने निकाल दिला की अशा नोंदी गोळा करणं ही राज्यघटनेच्या अर्थाने घराची झडतीच आहे, पण ती वाजवी झडती आहे, कारण हेतू वीजव्यवस्था सुधारण्याचा आहे, गुन्हा शोधण्याचा नाही. नोंदी याहून दाट असत्या किंवा पोलिसांना सहज मिळत असत्या तर आमचं मत वेगळं झालं असतं, असंही न्यायालयाने जोडलं. तुम्ही एवढ्या खोलात शिरू नका. झडती आहे पण वाजवी आहे, इतकं लक्षात ठेवा आणि दिवाणखाना आवरून ठेवा.

आता बचतीबद्दल. बचत करा, पण एकदम करू नका. वीज कंपनीकडे रोहित्राचाही (ट्रान्सफॉर्मरचाही) मीटर असतो. रोहित्रातून किती वीज गेली आणि त्यावरच्या घरांच्या मीटरांनी मिळून किती सांगितली, यातला फरक म्हणजे तारांतली गळती, नाहीतर चोरी. हा हिशेब खरोखर कामाचा आहे आणि पूर्वी तो धड लागतच नव्हता. चोर सापडतात त्यात, आणि सापडावेतच. पण मग संगणक संशयितांची यादी काढतो, आणि ज्याचा वापर अचानक घसरला तो त्या यादीत वर जातो. तुम्ही जुने दिवे काढून एलईडी लावलेत, जुनाट फ्रीज भंगारात दिलात, वर महिनाभर मुलीकडे राहून आलात? तुमचा आलेख अगदी आकडे टाकणाऱ्यासारखा दिसू लागतो. त्यापेक्षा दर महिन्याला एक दिवा बदला. काटकसर करतोय हे दिसू द्या, पण मन लागत नसल्यासारखं करा.

शेजाऱ्यांशी तुलना करणारं पत्र आलं तर ते फ्रीजवर लावा. 'तुमच्यासारख्या घरांपेक्षा तुम्ही इतके टक्के जास्त वीज वापरता', या एका वाक्याने अमेरिकेत घरांचा वापर सरासरी सुमारे 2 टक्के कमी झाला. युक्ती स्मार्ट मीटरच्या आधीची आहे. कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात (2007मध्ये तो प्रसिद्ध झाला) असं दिसलं की सरासरी कळताच जास्त वापरणारे खाली आले, पण कमी वापरणारे निर्धास्त होऊन वर गेले. मग काटकसरी घरांच्या पत्रावर हसरा चेहरा काढून दिला, आणि ती घरं होती तिथे राहिली. मोठी माणसं, घरसंसार असलेली, हसऱ्या चेहऱ्यासाठी दिवे बंद करत होती. मला यात अपमान वाटत नाही. वीज कंपनीकडून आलेलं हसरं असं दुसरं काही मी अजून पाहिलेलं नाही.

वेळेनुसार दर लागू झाले असतील तर तुमचं भाग्य उजळलं. संध्याकाळी सगळे एकदम दिवे, टीव्ही, एसी लावतात तेव्हा वीज महाग पडते, हे खरंच आहे. आणि तासातासाची नोंद असल्याशिवाय तासातासाचा दर लावता येत नाही, हेही खरं. तेव्हा कपडे मध्यरात्री धुवा. इस्त्री पहाटे. बाळाला बाटली उकळून हवी असेल तर त्याला दर कमी होईपर्यंत थांबायला शिकवा; लहानपणीच लागलेली सवय जन्मभर टिकते.

मीटर चुकला असं म्हणायचा मोह आवरा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाने 2017मध्ये प्रयोगशाळेत नऊ मीटर तपासले, त्यांपैकी पाच जास्त वापर दाखवत होते, आणि सगळ्यात वाईट नोंद खऱ्यापेक्षा 582 टक्के जास्त होती. कारण काय, तर डिमर (उजेड कमी-जास्त करणारं बटण) लावलेले एलईडी दिवे. त्यांच्यामुळे विजेची लाट इतकी वेडीवाकडी होते की काही प्रकारच्या सेन्सरना ती मोजताच येईना. दोन मीटर उलट 30 टक्के कमी दाखवत होते. त्यांच्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं वाचनात नाही. प्रयोगशाळेतली मांडणी म्हणजे काही तुमचं घर नव्हे, असं कंपनी म्हणेल आणि त्यात तथ्य आहे. तुम्हीही मान डोलवा.

एक गंमत सांगतो, पण बाहेर बोलू नका. या 35,040 नोंदींपैकी सगळ्या मीटरने पाठवलेल्या नसतात. पुष्कळ ठिकाणी मीटर रेडिओवरून एकमेकांना निरोप देतात. तुमचं रीडिंग शेजारणीच्या मीटरमार्गे, तिथून पलीकडच्या घराच्या मीटरमार्गे पुढे सरकत जातं. सांकेतिक भाषेत असतं, त्यामुळे शेजारणीला कळत नाही. तिला कळायला मीटर लागतो असं थोडंच आहे? तर या वाटेत काही नोंदी गहाळ होतात. मग कार्यालयातली प्रणाली ही भोकं बुजवते: मागच्या मंगळवारी या वेळेला इतका वापर होता, तर आजही तेवढाच धरू. या कामाला व्हॅलिडेशन, एस्टिमेशन आणि एडिटिंग (तपासणी, अंदाज आणि दुरुस्ती) असं भारदस्त नाव आहे. दाराचं कुलूप बघून सरासरी लावणारा तो रीडिंगवाला आठवतो ना? तोच, फक्त आता पंधरा-पंधरा मिनिटांची लावतो. अंदाजाने भरलेल्या नोंदीवर तशी खूण असते. कंपनीकडे. बिलावर ती उतरेलच असं नाही.

बिल थकवू नका हे सांगायला नको. पूर्वी वीज तोडायला लाइनमन यायचा. त्याला पाणी विचारता यायचं, पोराच्या परीक्षेचं सांगता यायचं, अगदी हुज्जतही घालता यायची, आणि चार दिवसांची सवलत मिळायची. आता मीटरच्या पोटातच स्विच आहे. दूर कुठेतरी कुणी यादीवर क्लिक करतो आणि तुमच्याकडे खट्ट होतं. मीटरला पाणी विचारून उपयोग नाही.

आणि मेहरबानी करून स्वतःच्या नोंदी मागू नका. अमेरिकेत 2012मध्ये ग्रीन बटन नावाची सोय सुरू झाली: ग्राहकाने बटण दाबलं की त्याच्या वापराचा तपशील त्यालाच एका ठरावीक स्वरूपात उतरवून घेता येतो. अशाने माणसं प्रश्न विचारू लागतात. कुठला दर आपल्याला परवडेल हे स्वतःच ताडून बघतात, अंदाजाने भरलेल्या नोंदी मोजतात. त्यापेक्षा ॲप उघडा. तिथे कालच्या वापराचा एक गोल असतो, हिरवा किंवा नारिंगी. बघा आणि बंद करा. वर जाणारी माहिती पंधरा मिनिटांनी जाते. खाली येणारी जरा सावकाश येते, उतार असूनसुद्धा.

शेवटची गोष्ट, वीज गेल्यावरची. मीटरमध्ये विजेचा एक छोटासा साठा असतो. पुरवठा तुटला की त्या उरलेल्या क्षणभराच्या बळावर मीटर 'मी गेलो' असा निरोप धाडतो. कंपन्या याला मीटरचा अखेरचा श्वास म्हणतात आणि नेमका बिघाड कुठे आहे हे त्यावरून शोधता येतं. या सगळ्या कारभारातली माझ्या मते सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच. एका गल्लीतले चाळीस मीटर एकदम गेले तर फ्यूज कुठला उडाला हे जागेवर न जाता कळतं. तरी तुम्ही फोन करा. ग्राहक क्रमांक पाठ ठेवा, अंधारात बिल सापडत नाही. भाषेसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन. मग एक जण अदबीने विचारेल, साहेब, फक्त तुमच्याकडेच गेली आहे की आजूबाजूलाही? खिडकीतून डोकावून बघा आणि त्यांना सांगा.