शाळेचे दिवे बदलल्याने शिक्षकांचा पगार कमी होत नाही

अमेरिकेत शाळांच्या बाँडचं, म्हणजे मतदारांच्या मंजुरीने काढलेल्या आणि स्थानिक मालमत्ता करातून फेडल्या जाणाऱ्या कर्जाचं, मतदान जवळ आलं की पालकांमध्ये, आपल्या मराठी पालकांमध्येही, एक दावा फिरू लागतो : "सोलर, एलईडी, नवे एसी हा शिक्षकांच्या पगारातून काढलेला पैसा आहे. बचत कागदावरच राहते. हे चोचले श्रीमंत डिस्ट्रिक्टचे." (डिस्ट्रिक्ट म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था.)

पगाराचा पैसा? कॅलिफोर्नियात २००० सालच्या प्रॉपोझिशन ३९ (मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेला कायदा) प्रमाणे ५५ टक्के मतांनी मंजूर झालेला बाँड शिक्षकांच्या पगारावर खर्च करताच येत नाही. तो बांधकाम-दुरुस्तीसाठीच असतो. वीजबिल मात्र पगाराच्याच निधीतून जातं. म्हणजे बिल उतरलं की पैसा सुटतो तो पगाराच्या बाजूला. हा दावा नेमका उलटा आहे.

बचत कागदावरच? जुन्या शाळेच्या जिममध्ये वर बघा. तिथले मेटल हॅलाइड दिवे एकदा बंद केले की पुन्हा पूर्ण उजेड यायला बरीच मिनिटं लागतात. म्हणून ते कुणी बंदच करत नाही. जिम रिकामी असली तरी दिवे चालूच. एलईडी क्षणात लागतो, सेन्सरवर आपोआप विझतो. ही बचत मीटरवर दिसते.

आर्कान्सातल्या बेट्सव्हिल या छोट्या गावाच्या डिस्ट्रिक्टने सुमारे १,५०० सौर पॅनेल बसवली, दिवे, खिडक्या, हीटिंग-कूलिंग बदललं. वर्षाला अडीच लाख डॉलरची तूट होती, ती जाऊन तीन वर्षांत १८ लाखांची शिल्लक झाली आणि शिक्षकांना पगारवाढ मिळाली. ही सगळी शिल्लक उन्हातून आली, असं सांगणारेही चुकतात; पण पगारवाढीला या कामाचा हातभार लागला, हे खरं.

एक शंका मात्र रास्त आहे. अशी कामं बऱ्याचदा परफॉर्मन्स कराराने होतात : त्यात काम करणारी कंपनी वीजबचतीची हमी देते, कमी पडली तर फरक भरते. पण हमीचा हिशेब तपासणारा माणूस डिस्ट्रिक्टने नेमलाच नाही, तर ती हमी कामाची नाही. बोर्डाला जाब विचारायचा असेल तर इथे विचारा.

आणि श्रीमंतांचे चोचले? अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार सुमारे ४१ टक्के डिस्ट्रिक्टना किमान निम्म्या शाळांतली हीटिंग-कूलिंग यंत्रणा बदलायची वा सुधारायची गरज होती. कॅलिफोर्नियातल्याच २०१२ च्या प्रॉपोझिशन ३९ ने (क्रमांक तोच, कायदा वेगळा) बाहेरच्या राज्यांतल्या कंपन्यांची करातली पळवाट बुजवून त्यातला पैसा शाळांच्या ऊर्जाबचतीला दिला. वाटप ८५ टक्के हजेरीवर, १५ टक्के मोफत-सवलतीचं जेवण घेणाऱ्या मुलांच्या संख्येवर. ज्या गावात बाँड उभा राहण्याइतकी मालमत्ताच नाही, तिथल्या शाळेला असा निधीच लागतो.