नंदांना नंबर का नाही?

महाराष्ट्राचे तिसरे मुख्यमंत्री कोण? स्पर्धा परीक्षेवाल्या कुणालाही विचारा, 'वसंतराव नाईक' हे उत्तर ठरलेलं. पण मारोतराव कन्नमवार गेले २४ नोव्हेंबर १९६३ ला, मुख्यमंत्री असतानाच. नाईकांची शपथ ५ डिसेंबरची. मधल्या दिवसांत राज्य काय देवाच्या भरवशावर होतं? नाही, बाळासाहेब म्हणजे पी. के. सावंत कारभार बघत होते. पण ते 'हंगामी', त्यामुळे मोजणीत नाहीत.

आपल्याला 'पहिले' पाठ असतात. पहिले राष्ट्रपती, पहिले पंतप्रधान, पहिली महिला अमुक. मला विचाराल तर राज्यव्यवस्थेची खरी परीक्षा पहिल्याच्या शपथविधीत नसते. खुर्ची अचानक रिकामी होते, त्या रात्री ती असते.

२७ मे १९६४ ला नेहरू गेले. सतरा वर्षं एकच पंतप्रधान पाहिलेला देश. उपपंतप्रधान कुणी नाही, वारस जाहीर नाही. त्याच दिवशी गृहमंत्री गुलझारीलाल नंदांनी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली आणि काँग्रेसने शास्त्रींची निवड केल्यावर ९ जूनला खुर्ची सोडली. जानेवारी १९६६ मध्ये शास्त्री ताश्कंदला गेले ते परतलेच नाहीत. पुन्हा नंदा, पुन्हा जेमतेम दोन आठवडे आणि २४ जानेवारीला इंदिराबाई. गंमत म्हणजे 'हंगामी पंतप्रधान' हा शब्द आपल्या घटनेत कुठेच नाही. नंदांनी घेतली ती पंतप्रधानपदाचीच शपथ. तरी आपण शास्त्रींना दुसरे म्हणतो आणि इंदिराबाईंना तिसऱ्या.

बरं, दोनदा पाळलेला हा पायंडा कायमचा झाला म्हणावं, तर तेही नाही. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींची हत्या झाली. राष्ट्रपती झैलसिंग परदेश दौऱ्यावरून तातडीने परतले आणि त्याच संध्याकाळी थेट राजीव गांधींना शपथ दिली. मधला माणूसच नाही. ते योग्य होतं की नाही यावर वाद घालता येईल. माझ्या मते, एवढ्या मोठ्या गोष्टीचा नियम कागदावर नसणं बरं नाही.

अमेरिकेत याच प्रश्नावर खरोखर भांडण झालं होतं. १८४१ मध्ये अध्यक्ष हॅरिसन शपथेनंतर महिन्याभरात वारले. पदावर असताना वारलेले ते पहिलेच अध्यक्ष. उपाध्यक्ष टायलरकडे अध्यक्षपद येतं की फक्त त्याची कामं, हे राज्यघटनेत धड लिहिलेलंच नव्हतं. टायलरने सरळ अध्यक्षपदाची शपथ घेऊन टाकली. 'हंगामी अध्यक्ष' म्हणून आलेली पत्रं म्हणे तो न फोडता परत पाठवायचा! विरोधक त्याला 'अपघाती अध्यक्ष' म्हणून हिणवत, पण पुढे सगळ्यांनी त्याचाच कित्ता गिरवला. कागदावर नियम आला तो थेट १९६७ मध्ये, पंचविसाव्या घटनादुरुस्तीने.

आपल्याकडेही १९६९ मध्ये अशीच धांदल उडाली. ३ मे रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन गेले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले, पण त्यांना निवडणूक लढवायची होती. त्यांनी राजीनामा दिला तर पुढे कोण? त्यासाठी त्याच महिन्यात संसदेने कायदा केला, की दोन्ही पदं रिकामी असतील तर सरन्यायाधीश. २० जुलैला गिरी बाहेर पडले आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला राष्ट्रपती भवनात आले. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीत आले तेव्हा यजमान हेच. २४ ऑगस्टला गिरी निवडून परत आले, यादीत चौथे राष्ट्रपती म्हणून.

हिदायतुल्ला पुढे १९७९ मध्ये उपराष्ट्रपती झाले. ऑक्टोबर १९८२ मध्ये झैलसिंग उपचारांसाठी अमेरिकेला गेले, तेव्हा पुन्हा तीच जबाबदारी त्यांच्यावर आली. एकदा सरन्यायाधीश म्हणून, एकदा उपराष्ट्रपती म्हणून. राष्ट्रपतींच्या यादीत त्यांनाही नंबर नाही.