पडद्याचा परकर

फ्लॅट बघायला गेलो तेव्हा डिसेंबर होता, नाशिकची थंडी, मी स्वेटर आणि कानटोपीत, आणि बिल्डरचा माणूस म्हणाला सर हॉल वेस्ट फेसिंग आहे, मस्त सनसेट दिसतो. त्या थंडीत ऊन म्हणजे बोनसच वाटला. एप्रिलमध्ये कळलं काय घेतलंय ते. दुपारी तीननंतर आमच्या इंदिरानगरच्या हॉलमध्ये टीव्हीवर फक्त आपलाच चेहरा दिसतो, सोफ्याची एक बाजू चॉकलेटी आणि दुसरी चहाच्या रंगाची झालीय. दोन वर्षं खिडकीला चादर होती, क्लिपा लावून. मग बायकोची भिशी आमच्याकडे आली आणि चादरीचे दिवस भरले.

मला वाटलं अर्ध्या तासाचं काम. मेन रोडला जायचं, पडदे घ्यायचे, मिसळ खायची, घरी. पहिल्याच दुकानात दोन बेज रंगाची कापडं समोर आली, एक १८० रुपये मीटर आणि एक ६५०, आणि देवाशप्पथ सांगतो मला दोन्ही सारखीच दिसत होती. फरक काय विचारलं तर दुकानदार म्हणाला "साहेब, हात लावून बघा." लावला. दोन्हीकडे कापडच लागलं.

"हे कुठलं?"
"लिनन लुक."
"म्हणजे लिनन?"
"नाही, लुक."

तिथून निघालो आणि त्या रात्री मी मोबाईल घेऊन बसलो. एक वाजेपर्यंत वाचलं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, जास्त असलं की पडदा जड पडतो, वाऱ्याला फडफडत नाही. मला जीएसएम फक्त लग्नपत्रिकेच्या कागदात असतो एवढंच माहीत होतं. ब्लॅकआऊट, म्हणजे उजेड अडवणारा पडदा, दोन प्रकारचा, एकात कापडाच्या मागे रबरासारखा थर चढवलेला असतो, तो घड्यांवर चिरतो आणि मशिनमध्ये धुतला की कधीकधी पोपडे निघतात, आणि दुसऱ्यात विणतानाच मधे काळा धागा घालतात, तो टिकतो पण महाग. सकाळी चहा पिताना मी बायकोला हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली "बरं, पण रंग कुठला घ्यायचा?"

पुढच्या रविवारी कॉलेज रोडला. तिथे एसी, थंड पाणी, आणि प्रत्येक कापडाला एक इंग्रजी नाव. मी मोबाईलचा टॉर्च लावून कापडामागे धरायला लागलो, स्वस्तातल्या ब्लॅकआऊटमधून बारीक बारीक भोकं दिसली, अगदी चांदण्यासारखी. सेल्समन पोरगा आधी हसला, नंतर त्याने मला एकट्याला सोडून दिलं. मग त्याने हिशोब काढला आणि मी हसायचा बंद झालो. खिडकी सहा फूट, तर कापड बारा फूट रुंद लागणार. मी म्हटलं अरे खिडकी काय वाढणारे का? तर म्हणे चुण्या पडायला दुप्पट तरी हवंच. म्हणजे पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, ४८ इंची असेल तर असे तीन पन्ने जोडायचे, उंची सात फूट अधिक वरखाली दुमडायला फूटभर, झाले साडेसात मीटर. १८०वालं १३५०, ६५०वालं पावणेपाच हजाराच्या वर, शिवाय शिलाई पन्न्यावर, अस्तर वेगळं, रॉड वेगळा, रॉडचे ब्रॅकेट आणखी वेगळे. आणि मोठं फूल असलेलं डिझाईन घेतलं तर फुलाला फूल जुळवायला कापड अजून वाया जातं ते निराळंच.

घरी येऊन आईपुढे रडगाणं गायलो. सहा फुटाला बारा फूट, लूट आहे नुसती. आई भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "नऊवारी नेसणारी बाई काय नऊ वार रुंद असते?"

तिथेच तिला घेऊन जायला हवं होतं पहिल्यांदा. पण मी आधी जाळून बघायचं ठरवलं. सॅम्पलचे तुकडे आणलेलेच होते, देवापुढचं निरांजन लागलेलं होतं, त्यावर एकेक धागा धरला. सुती धागा जळतो तेव्हा कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख भुरभुरते, पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. ‘प्युअर कॉटन’ सांगून दिलेल्या तुकड्याची छान गोल गोळी झाली. आई पोथीतून डोकं काढून म्हणाली देवासमोर प्लॅस्टिक कसलं जाळतोस.

तिसरा रविवार आईचा. मेन रोडलाच एका जुन्या दुकानात. तिने टॉर्च नाही लावला की जीएसएम नाही विचारला. ताका उलटा केला, बस. येवल्याची पैठणी घेताना बायका मागची बाजू बघतात, हाताने विणलेल्या खऱ्या पैठणीचा काठ दोन्हीकडून सारखा दिसतो, तेच डोळे तिने पडद्याला लावले. एकाची छपाई पुढे गडद आणि मागे पांढरंफटक. एका जॅकार्डच्या, म्हणजे विणीतच नक्षी असलेल्या कापडाच्या, पाठीमागे लोंबणारे धागे, "खिडकीच्या कडीत अडकणार हे." मग एक कापड मुठीत आवळून सोडलं, चुरगळ्या कितपत राहतात ते बघितलं आणि म्हणाली हे घे. ४२० रुपये, जाड सुती, रंग धाग्यातच. दुकानदार आधी आजी म्हणत होता, बिल करताना मावशी झाली.

निघताना तिने एकच सांगितलं. शिवायला टाकायच्या आधी कापड पाण्यातून काढ. हो म्हणालो. पण भिशी शनिवारी होती आणि टेलर शुक्रवारी देतो म्हणाला होता, तेव्हा साडेसात मीटर कापड भिजवून वाळवत कोण बसतंय. थेट दिलं. मागे उन्हासाठी पॉलिएस्टरचं अस्तर लावलं, खालून मोकळं.

भिशी झाली, कौतुक झालं, एकीने हातात मोबाईल धरून फोटो पण काढला. दिवाळीला पडदे धुतले. सात फुटाचा सुती पडदा तीन इंचांनी आटला. अस्तराला काही झालं नाही, ते आपलं तिथल्या तिथे. आई हॉलमध्ये आली, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली, "परकर दिसतोय तुझ्या पडद्याचा."

आता त्याला खालून पट्टी जोडायची ठरलीय, म्हणून मी काल सगळं गाठोडं घेऊन आईच्या नेहमीच्या फॉलवाल्या ताईंकडे गेलो. त्यांनी पडदा उलगडला, उलटा करून बघितला, कापड चांगलंय म्हणाल्या, आणि वहीत लिहिता लिहिता विचारलं, "पिको पण करायचंय का?"